आढीतले टायर

दत्तूकाका जोगळेकर कुणालाही भेटले की आधी खाली बघतात. लाजून नव्हे. लाज हा प्रकार जोगळेकरांच्या घराण्यात असलाच तर वाटणीत तो दुसऱ्या कुणाकडे गेला. काका तुमच्या गाडीचे टायर बघतात. स्कूटर असेल तर स्कूटरचे, सायकल असेल तर सायकलचे. तुम्ही चालत आला असाल तर ओटीवर काढलेली तुमची चप्पल उलटी करून तिचा तळ बघतात. हे सगळं उरकलं की मग तुमचं तोंड, तेही आठवण राहिली तर.

माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडची मंडळी चिपळुणाहून जीप करून आमच्याकडे आली. शेजारी म्हणून काका स्वागताला हजर. माझे होणारे सासरे उतरले, हसले, हात जोडले, आणि बघतात तर समोर कुणी नाही. काका जीपच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसून अंगठ्याने टायर दाबत होते. तिथूनच ओरडले, "डावा आतून खाल्लाय हो! अलाइनमेंट गेलीय. मुलगी चांगलीच असेल, पण ही जीप घाटातून परत नेऊ नका." सासऱ्यांना वाटलं, हेच मुलाचे वडील. मामला निस्तरायला चहाचे दोन फेरे लागले.

"खाली बघ आधी," हे काकांचं पालुपद. "माणूस तोंडाने वाट्टेल ते सांगेल मास्तर. झीज खोटं बोलत नाही." मी हायस्कुलात शिकवतो म्हणून मी मास्तर. बाकी माझं नाव काकांना माहीत असावं असा मला संशय आहे.

त्यांच्या ओटीवरून पाहुणे उठले की मागे चपलांचा ढीग उलटा पडलेला असायचा. मग सुमनकाकू, म्हणजे काकांची बायको, पदर खोचून बाहेर यायच्या आणि एकेक चप्पल सुलटी करायच्या. "उलटी चप्पल ठेवू नये, घरात भांडणं लागतात," असं पुटपुटत. दुसऱ्याच्या घरातही कुठे उलटी चप्पल दिसली की त्यांना चैन पडायचं नाही. बोलता बोलता पायाच्या अंगठ्याने ती सुलटी करायच्या. काकू उंचीने लहान, आवाजाने मोठ्या, आणि एकदा 'नाही' म्हणाल्या की नाहीच.

काकांची आंब्याची बाग रत्नागिरीच्या भाट्याच्या पुलापलीकडे. बाग उतारावर, घर माथ्यावर, आणि खालच्या रस्त्यापासून घरापर्यंत जांभ्या दगडात बांधलेली खडी चढण. आम्ही तिला घाटी म्हणतो. माझं घर या घाटीच्या पायथ्याशी. त्यामुळे पुढे जे घडलं त्याचा मी साक्षीदार आहे. आणि त्यांची गाडी उलटी घसरत आली त्या दिवशी बळी होता होता राहिलो.

घाटीच्या माथ्यावर उभं राहिलं की खाडीच्या मुखापलीकडे मांडवी दिसते. काकूंचं माहेर मांडवीचं. दर शनिवारी दुपारी त्या घाटी उतरायच्या, एसटी धरून गावात जायच्या, भावाच्या घरी बसायच्या, संध्याकाळी जेटीवर वारा खायच्या आणि दिवेलागणीच्या आत परत. शनिवारची मांडवी म्हणजे काकूंची एकादशी. चुकली तर आठवडाभर काकांच्या आमटीला चव नसायची.

काकांकडे गाडी होती. एका बंद पडलेल्या थिएटरच्या मालकाकडून घेतलेली, लांबलचक, पुढे हे एवढं नाक. पण तिचं इंजिन म्हातारं. घाटीच्या मध्यावर आली की धापा टाकायची, मग काकू उतरून चालत वर जायच्या आणि रिकामी गाडी कशीबशी मागून यायची. हे काकांना सहन होईना. ते मुंबईच्या भंगार बाजारात गेले आणि परदेशी गाडीचं सहा सिलिंडरचं इंजिन घेऊन आले. मिरकरवाड्यात मच्छीमार लाँचांची इंजिनं दुरुस्त करणारे हुसेनभाई मिस्त्री यांनी ते बसवून दिलं. बसवताना त्यांनी एकदाच विचारलं, "काका, हिला दर्यात उतरवायची हाय काय?"

इंजिन सुरू झालं की आमच्या कपाटातल्या कपबश्या वाजायच्या. ताकद अफाट. पण ताकद चाकापर्यंत पोचायची आणि चाक जागच्या जागी फिरायचं. पहिल्याच दिवशी काकांनी अंगणात ॲक्सिलरेटर दाबला. गाडी तसूभर हलली नाही, मागून तांबड्या मातीचा लोट मात्र उठला आणि काकूंनी उन्हात घातलेल्या आंबोशीवर, म्हणजे कैरीच्या सुकत्या फोडींवर, जाऊन बसला. त्या वर्षीच्या आमटीत आंबोशीबरोबर थोडी बागही पोटात गेली.

खरा प्रसंग घडला तो पुढच्या शनिवारी. काका मोठ्या दिमाखात काकूंना मांडवीहून घेऊन आले. घाटीला गाडी लागली, काकांनी पाय दाबला, मागची चाकं किंचाळली, आणि गाडी वर जायच्या ऐवजी खाली निघाली. माझ्या कुंपणाचा गडगा होता म्हणून थांबली. गडग्याचे चार दगड माझ्या तुळशीत. दार उघडून काकू उतरल्या. हातात पिशवी, पिशवीत भावाने दिलेला नारळ.

"जळ्ळं मेलं ते इंजिन!" काकू म्हणाल्या. "परत या गाडीत बसले तर नाव सांगणार नाही!" आणि घाटी चढून गेल्या.

काका गाडीतच बसून होते. स्टिअरिंग न सोडता म्हणाले, "मास्तर, इंजिनाचा दोष नाही. पकड नाही. पकड पाहिजे, पकड!" मग गावाला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी जाहीर केलं, "हिला याच गाडीतून मांडवीला नेईन आणि याच घाटीने वर आणीन. नाहीतर गाडी भंगारात."

लोकांनी सल्ले दिले. छोटं इंजिन घाला. रिक्षा लावा. काकांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "घोडा दमदार आहे तर त्याला नाल बदलायचा, की घोडा विकून गाढव आणायचं?"

त्या दिवसापासून टायरचा शोध सुरू झाला. सगळ्यात आधी ट्रकचे टायर आले. जाड, दणकट, खोल नक्षीचे. काकांनी वास घेतला, नख लावून पाहिलं, आणि नाक मुरडलं. "हा रायवळ. टिकेल जन्मभर, पण आत सगळ्या दोऱ्या." मग चांगल्या कंपनीचे साधे रेडिअल आले. ते बरे होते, पण त्या इंजिनापुढे तेही फिरत राहिले. "ही पायरी. वाईट नाही. पण हापूस तो हापूस," काका म्हणाले. जगातल्या सगळ्या वस्तू काका या तीन ढिगांत टाकतात. मला त्यांनी कुठल्या ढिगात टाकलंय ते मी कधी विचारलं नाही.

हापूस सापडला तो अमेरिकेत. काकांचा पुतण्या मिलिंद तिकडे नोकरीला. तेव्हा आमच्या एसटी स्टँडजवळ नुकतंच सायबर कॅफे उघडलं होतं. काका मला धरून तिथे नेत, स्वतः मागे उभे राहत, आणि मी त्यांच्या तोंडचं टाइप करायचं. मिलिंदने लिहिलं की त्याच्याकडे हौशी लोक रस्त्यावरच्या साध्या गाड्यांत राक्षसी इंजिनं घालतात आणि सुट्टीच्या दिवशी सरळ पट्टीवर शर्यत लावतात. निव्वळ शर्यतीचे टायर रस्त्यावर चालत नाहीत, आणि रस्त्यावरचे टायर शर्यतीत नुसते फिरतात. म्हणून दोन्हींच्या मधला एक टायर निघाला आहे. नाव ड्रॅग रेडिअल. रबर लोण्यासारखं मऊ, बाजूचे गाल लवचिक, हवा जरा कमी ठेवायची म्हणजे गाल सुरकुततो आणि टायर रस्त्याला चिकटून बसतो. मात्र लवकर झिजतो, आणि नक्षी नावापुरतीच असते.

काका माझ्या खांद्यावर थाप मारून कॅफेभर ऐकू जाईल असं ओरडले, "हापूस! मऊ, नाजूक, टिकायचा नाही, पण त्याच्यासारखा दुसरा नाही! लिही त्याला, दोन पाठव म्हणावं. मागचेच. पुढची चाकं नुसती वाट दाखवायला असतात."

पण आंबा घेताना देठाशी वास घेतल्याशिवाय पेटी न उचलणारा माणूस टायर असा थोडाच घेणार? पत्रापत्री पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चालली. एक टायर फार रुंद निघाला. मडगार्डला घासला असता. दुसरा फार उंच. "उंच टायर म्हणजे चाक मोठं, आणि चाक मोठं म्हणजे चढावर दम कमी," काकांनी मला समजावलं. मला समजलं नाही, पण मी टाइप केलं. तिसऱ्याची मापं आल्यावर काका सुतळी घेऊन चाकाभोवती फिरले, मडगार्डमध्ये हात घालून बोटं मोजली, आणि म्हणाले, "हा आपला."

मे महिन्यात मिलिंद सुट्टीवर आला तो दोन टायर घेऊनच. विमानतळावरच्या साहेबाने म्हणे विचारलं, "लोक चॉकलेटं आणतात, तुम्ही टायर?" मिलिंद म्हणाला, "काकांसाठी." साहेबाने अंगठ्याने टायर दाबून पाहिला आणि सोडून दिलं. हे ऐकून काकांना त्या साहेबाबद्दल फार आदर वाटला.

आणि इथे काकांनी ती गोष्ट केली जी आमच्या रत्नागिरीखेरीज दुसरीकडे कुणाला सुचली नसती. टायर हातात आला, नख लावलं, आणि नख रुतेना. मिलिंदने सांगितलं की या टायरला आधी ऊब लागते. जागच्या जागी थोडा फिरवून तापवायचा, मग तो चिकटतो. काकांनी एवढंच ऐकलं की टायरला ऊब लागते. "म्हणजे कच्चा आहे!" म्हणाले, आणि दोन्ही टायर उचलून माडीवर आढीत घातले. आढी म्हणजे आंबे पिकवायला पेंढ्यात घालतात ती. खाली पेंढा, त्यावर आंबे, वर पेंढा, त्यावर टायर, वर पुन्हा पेंढा. रोज सकाळी आंब्यांबरोबर टायरही चाचपायचे आणि कूस बदलून ठेवायचे.

मिलिंदने कपाळाला हात लावला. काकू म्हणाल्या, "बघत काय बसलास? टायरना साका नाही ना, ते विचार त्यांना." साका म्हणजे हापूसच्या पोटात पडणारा पांढरा, पोचट डाग, वरून दिसत नाही, कापल्यावर कळतो. काका गंभीरपणे म्हणाले, "तेवढं मात्र रस्त्यावर गेल्याशिवाय सांगता येणार नाही."

त्या आढीतली एक पेटी मुंबईच्या नेहमीच्या गिऱ्हाइकाकडे गेली. त्या बाईंचा फोन आला, "जोगळेकर, आंबा गोड आहे, पण सायकलच्या दुकानात बसून खाल्ल्यासारखा वाटतो." टायरचं उलट झालं. त्यांना असा घमघमाट सुटला की गाडी गावात उभी केली रे केली की गाई जमायच्या आणि मागची चाकं चाटायच्या. पुढच्या चाकांकडे ढुंकून बघायच्या नाहीत. काका अभिमानाने सांगायचे, "जनावराला कळतं."

ते असो. टायर लागले आणि मान्य करायलाच हवं, काका जिंकले. कोरड्या घाटीच्या पायथ्याशी त्यांनी गाडी उभी केली, चाकं जरा फिरवून तापवली, पक्व हापूस आणि जळकं रबर असा दुहेरी वास सुटला, आणि गाडी नाक वर करून एका दमात माथ्यावर. चाक तसूभर घसरलं नाही. मिलिंदने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, माझा गडगा शाबूत होता.

काकू माथ्यावर उभ्या होत्या. काकांनी दार उघडून धरलं. "बस. मांडवी."

काकूंनी गाडीकडे बघितलं, टायरकडे बघितलं. "याला नक्षी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"नावापुरती असते. रबर मऊ आहे ना."

"आणि पावसात?"

काका वाकून टायर अंगठ्याने दाबू लागले.

बागेच्या पंपाला लावलेली नळी काकूंनी ओढत आणली, घाटीच्या तोंडाशी ठेवली, आणि पंप सुरू केला. जांभा भिजून लाल झाला. गेल्या पावसाळ्यातलं सुकलेलं शेवाळ पाणी पिऊन पुन्हा बुळबुळीत झालं. "आता उतरवा आणि चढवा," काकू म्हणाल्या. "शनिवार काय फक्त उन्हाळ्यात येतात?"

काकांनी गाडी उतरवली, वळवली, चढवायला लागले. मध्यापर्यंत आली. मग मागची चाकं हसल्यासारखी फिरली आणि गाडी, काका आतून "पकड! पकड!" ओरडत असताना, सावकाश, अगदी सभ्यपणे, मागे येऊन माझ्या गडग्याला टेकली. या वेळी दगड तीनच पडले. काकूंनी पंप बंद केला.

मिलिंद अमेरिकेला परत गेला. काका आठवडाभर खाली उतरले नाहीत. मला वाटलं, गाडी भंगारात निघाली. आणि एका सकाळी वरून छिन्नीचे आवाज यायला लागले. पाथरवट लावला होता. घाटीच्या दगडांवर आडव्या खाचा पाडायचं काम चाललं होतं. काका देखरेखीला.

"टायरला नक्षी नाही ना?" काका खालीच बघत गरजले. "मग रस्त्याला घालतो! जातं गुळगुळीत झालं की टाकी लावतात की नाही? तशी घाटीला टाकी लावतोय. मिरगाच्या पावसाआत पुरी करणार."

गावाला फुकटची करमणूक झाली. मीही हात धुऊन घेतला. सुट्टीतल्या शिकवणीला येणाऱ्या मुलांना सांगितलं की जगात लोक टायर रस्त्याप्रमाणे घेतात, आपल्याकडे रस्ता टायरप्रमाणे करतात.

मग एका दुपारी आंब्याच्या पेट्यांसाठी पेंढा मागायला मी वर निघालो. पाथरवट जेवायला गेला होता. काका घाटीवर एकटेच उकिडवे. एका हातात खडू, दुसऱ्या हातात काकूंची जुनी चप्पल. चप्पल दगडावर ठेवत, खडूची रेघ मारत, एक पाऊल वर ठेवत, पुन्हा रेघ. चाकाच्या वाटेवर नव्हे. कडेने, घाटीलगतच्या गडग्याच्या आधाराने, जिथून काकू चालायच्या तिथे.

मी म्हटलं, "काय काका, आता गाडीला चपला घालणार?"

काका हसले नाहीत. चप्पल उलटी करून माझ्यापुढे धरली. "खाली बघ आधी."

मी बघितलं. डाव्या पायाची चप्पल. आतल्या बाजूने टाच कागदासारखी पातळ झालेली. बाहेरची बाजू जशीच्या तशी.

"डावा गुडघा," काका म्हणाले. "उजवी बघ वर आमच्या घरी जाऊन, नवी वाटेल. आज नाही, दोन वर्षं चाललंय. नवीन घेतली की तीही अशीच खाते. बोलत नाही ती. डॉक्टरला दाखवू म्हटलं तर म्हणते, कसला गुडघा? शनिवारी चढून आली की स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेते, दुखणारा पाय धरून बसायला. मला वाटतं मला कळत नाही असं तिला वाटतं."

"म्हणजे ते इंजिन, ते टायर..."

"मग काय, या वयात शर्यत लावायची होती मला?" काका एकदम चिडले. मग आवाज उतरला. "बसली गाडीत तर बसली. नाही बसली तर नाही. पण पावसात चालताना घसरायची तरी नाही."

मला फार बरं वाटलं आणि फार वाईटही वाटलं. दोन्ही एकदम वाटलं की माणूस निरुपयोगी होतो. मी पेंढा न घेताच खाली आलो.

मिरग लागायच्या आधीच्या शनिवारी, रात्रीतून एक सर येऊन गेली होती. घाटी ओली. काका खाली माझ्या गडग्यापाशी गाडी पुशीत होते, म्हणजे गाईंनी चाटलेली चाकं फडक्याने कोरडी करत होते. मी तुळशीला पाणी घालत होतो. काकू पिशवी घेऊन घाटी उतरू लागल्या. मध्यावर थांबल्या. चार पावलं परत वर गेल्या आणि पुन्हा उतरल्या. पाऊल टाकलं की खाच, पाऊल टाकलं की खाच. बराच वेळ त्या पायाखाली बघत उभ्या राहिल्या. मग खाली आल्या.

"अहो," काकू म्हणाल्या, "गाडीच्या चाकाला इतक्या जवळजवळ खाचा कशाला लागतात?"

"पकड," काका फडकं न थांबवता म्हणाले.

"आणि चाक गडग्याच्या कडेने कधीपासून जायला लागलं?"

काका चाक पुसत राहिले. ते पुसून कधीच झालं होतं.

"दार उघडा," काकू म्हणाल्या.

काका उठले, दार उघडलं. काकू पिशवी सांभाळत आत बसल्या. पाय आत घेताना डावा त्यांनी दोन्ही हातांनी उचलून घेतला, माझ्यासमोर, न लपवता. मग वाकून डावी चप्पल काढली आणि दुसऱ्याच्या घरातलीही उलटी चप्पल न बघवणाऱ्या त्या बाईने ती समोर काचेखाली उलटी ठेवली.

"आज मांडवी राहू दे," त्या म्हणाल्या. "आधी डॉक्टरांकडे चला. हे बघा."

चप्पल तळ वर करून काकांच्या नाकासमोर होती. काकांनी तिच्याकडे बघितलं नाही. माझ्या इतक्या वर्षांच्या शेजारात पहिल्यांदाच हा माणूस समोरच्याच्या तोंडाकडे बघत होता, आणि गाडी सुरू करायची विसरला होता.